कुबट वासाचं मूळ

पावसाळा सरताना गाडीचं दार उघडलं की कुबट वास येतो आणि आपण डॅशबोर्डवर अत्तराची बाटली ठेवतो. त्यानं वास दबतो, जात नाही. तो येतो मॅटखालच्या ओल्या कार्पेटमधून आणि एसीच्या कॉइलवर साचलेल्या दमटपणातून. बुरशी धरते ती तिथेच. मॅट उन्हात टाका, कार्पेटवर जुनी वर्तमानपत्रं दाबून ओल टिपा, दारं उघडी ठेवून गाडी दुपारभर वाळू द्या. घर यायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालवला, तर कॉइलही सुकते. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे केबिन फिल्टर असतो. कोकणातल्या पावसानंतर तो काढून पाहाच. मागच्या सीटवर लहान मूल बसत असेल, तर हे काम दिवाळीवर ढकलू नका.