विज्ञानाची दवंडी कोण देणार?

गेल्या दोन-तीन वर्षांतील वृत्तपत्रांची कात्रणे एकत्र ठेवून पाहिली, तर एक विलक्षण चित्र डोळ्यांसमोर येते. पहिल्या पानावर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेले आपले यान असते. आणि आतल्या पानावर, अवघ्या चार ओळींत, पावसात आडोसा म्हणून झाडाखाली उभ्या राहिलेल्या शेतमजुरांवर वीज कोसळल्याचे वृत्त असते. एकीकडे मोबाइलवरून होणाऱ्या कोट्यवधी व्यवहारांचा उच्चांक असतो, तर दुसरीकडे त्याच मोबाइलवरून कोणा निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी लुबाडली गेल्याची बातमी असते. या बातम्या वेगवेगळ्या वाटतात, पण त्या तशा नाहीत. देशाने ज्ञान किती मिळवले हे पहिली बातमी सांगते, तर ते ज्ञान कुठवर पोहोचायचे राहिले हे दुसरी सांगते.

पहिल्या प्रकारच्या बातम्यांविषयी अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ अवतरक चंद्रावर आदळले, तेव्हा सारा देश हळहळला होता. परंतु ‘इस्रो’च्या शास्त्रज्ञांनी अपयशाचे खापर नशिबावर फोडले नाही. काय काय चुकू शकते याची यादी करून त्यांनी पुढच्या यानाची रचना केली. उतरण्याची जागा अर्धा किलोमीटर चौरसावरून चार किलोमीटर लांब आणि सुमारे अडीच किलोमीटर रुंद केली, यानाचे पाय बळकट केले, इंधन वाढवले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ अलगद उतरवून दाखवले. १६ जानेवारी २०२५ रोजी दोन उपग्रहांची अंतराळात जोडणी करून भारत हे तंत्र अवगत असलेला चौथा देश ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले. राकेश शर्मा यांच्या १९८४ च्या उड्डाणानंतर पृथ्वीच्या कक्षेत गेलेले ते दुसरे भारतीय. आपली चूक नेमकी ओळखून ती सुधारणे हीच विज्ञानाची खरी रीत आहे, आणि या यशाहूनही ती रीत अधिक मोलाची आहे.

महाराष्ट्राचा या ज्ञानयज्ञातील वाटाही लहान नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. अवघ्या विश्वात मंद गुंजारवाप्रमाणे पसरलेल्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा हाती आल्याचे जून २०२३ मध्ये जगभरातील शास्त्रज्ञांनी जाहीर केले, त्या शोधात खोडदच्या निरीक्षणांचाही सहभाग होता. तिकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांत लेसर किरण सोडून, प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असा लांबीतला फरक ही यंत्रणा टिपणार आहे.

पण या दोन्ही प्रकल्पांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खोडदच्या दुर्बिणीला आसपासच्या रेडिओ गोंगाटाचा उपद्रव होतो, तर औंढ्याच्या वेधशाळेला जमिनीतील बारीकशा कंपनाचा होऊ शकतो. शिवारातला शेतकरी, तिथला वाहनचालक, विजेचे काम करणारा कारागीर यांना ‘हे काय आहे आणि कशासाठी आहे’ हे उमगले, तरच अशा वेधशाळा निर्वेधपणे काम करू शकतात. कुंपणाच्या आत जगातले अव्वल ज्ञान आणि कुंपणाबाहेर केवळ कुतूहल व अफवा, अशी स्थिती राहिली तर ती ना विज्ञानाच्या हिताची, ना गावाच्या.

आकाशातील लहरींबाबत हे समजून घेणे थोडे लांबणीवर पडले तर कदाचित चालेल. आकाशातून कोसळणाऱ्या विजेबाबत मात्र ते जिवावर बेतते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात २,८८७ माणसे वीज पडून मृत्युमुखी पडली. पूर किंवा उष्माघात यांच्या बातम्या मोठ्या होतात; वीज मात्र एकेकाला, दोघा-तिघांना गाठते आणि म्हणून तिचा हिशेब कोणाच्या ध्यानात राहत नाही. वास्तविक यावर विज्ञानाने काहीच केलेले नाही असे मुळीच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर संवेदक यंत्रांचे जाळे उभारले आहे. वीज चमकताक्षणी निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी ही यंत्रे पकडतात, तिचे स्थान ठरवतात, आणि ‘दामिनी’ या मोबाइल अ‍ॅपद्वारे आसपासच्या २० ते ४० किलोमीटरच्या टापूत इशारा देतात. अ‍ॅप विनामूल्य आहे. तरीही दर वर्षी मृगाच्या आधी मराठवाड्यातून, विदर्भातून त्याच बातम्या येतात. कारण इशारा मोबाइलवर येतो, तेव्हा मोबाइल घरात असतो आणि माणूस शिवारात. शिवाय इशारा मिळाला तरी करायचे काय, हे कोणी सांगितलेले नसते.

सांगायचे ते फार थोडे आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसपेक्षा कमी अंक मोजून झाले, तर धोका दहा किलोमीटरच्या आत आहे. तत्काळ पक्क्या घराचा आसरा घ्यावा. एकट्या झाडाखाली कदापि उभे राहू नये, कारण वीज झाडावर पडली तरी तिचा प्रवाह खोडावरून उडून माणसाला गाठतो किंवा जमिनीतून पसरतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. ज्याच्यावर वीज पडली त्याच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावण्यास भिऊ नये. श्वास व हृदय थांबले असेल तर छातीवर दाब देत राहावे आणि रुग्णालय गाठावे. देशाच्या काही भागांत अशा माणसाला शेणात पुरून ठेवण्याचा प्रघात आजही आढळतो, आणि वाचू शकणारे जीव त्यापायी जातात. ही पाच-सहा वाक्ये शिवारातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असावीत, यासाठी कोणत्या उपग्रहाची गरज आहे?

हीच गोष्ट पैशाच्या व्यवहाराची. २०१६ मध्ये सुरू झालेली ‘यूपीआय’ ही प्रणाली जगाने कौतुक करावे अशीच आहे. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिच्याद्वारे झालेल्या व्यवहारांची संख्या प्रथमच दोन हजार कोटींवर गेली. भाजीवाल्या मावशींपासून मोठ्या पेढीपर्यंत सर्वांच्या हाती हे साधन एकाच वेळी आले. परंतु साधन जितक्या वेगाने आले, तितक्या वेगाने सावधपण आले नाही. गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या वर्षी सायबर फसवणुकीत देशवासीयांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. त्यातला ‘डिजिटल अटक’ हा प्रकार तर विशेष क्रूर आहे. पोलीस, सीबीआय किंवा सीमाशुल्क विभागाचा अधिकारी असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, घरातच कोंडून ठेवायचे, ‘कोणाला सांगितलेस तर याद राख’ असा दम भरायचा आणि ठेवी मोडायला लावायच्या! पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून याविषयी जनतेला सावध केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे सोपवला.

तपास होईल, शिक्षाही होतील. पण या चोरांचे शस्त्र तंत्रज्ञान नसून भीती आणि एकाकीपण हे आहे, हे विसरता कामा नये. आपल्या देशातील कोणत्याही कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही, हे एक वाक्य ज्या घरात आधी बोलले गेले आहे, त्या घरातील आजोबांना कोणी फसवू शकत नाही. १९३० हा क्रमांक दूरध्वनीशेजारी लिहून ठेवलेला असेल आणि तक्रार तातडीने केली, तर खात्यातून गेलेली रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता वाढते. मुले परगावी, परदेशी गेलेल्या ज्या असंख्य घरांत आज ज्येष्ठ दांपत्ये एकटी राहतात, तिथे हे वाक्य कोण बोलणार? शेजारधर्म ही आता सायबर सुरक्षेचीही पहिली पायरी झाली आहे.

यावर उपाय नाही असे नाही. तो याच महाराष्ट्रात करून दाखवला गेला आहे. भारतात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांतून सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक प्रदीर्घ अभ्यास सुरू केला. तपासणीचे साधन काय होते? स्वयंपाकघरातले व्हिनेगर, म्हणजे सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, आणि एक दिवा! दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना महिनाभराचे प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती ही तपासणी सोपवली. बारा वर्षांनंतरच्या निष्कर्षानुसार, तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे दिसले. दोन्ही ठिकाणी औषधाइतकाच गुण आला तो दारात येऊन आपल्या बोलीत समजावणाऱ्या ओळखीच्या माणसाचा.

आज आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांच्या संशोधनातून साकारलेली रक्ताच्या कर्करोगावरील स्वदेशी ‘कार-टी’ पेशी उपचारपद्धती, जी एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते देशाला अर्पण झाली, ती परदेशातील खर्चाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात उपलब्ध आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लसही पुण्यात तयार होते. ही कामगिरी थोर आहेच. पण आपल्या मुलीला ही लस का द्यायची, हे आईला जोवर तिच्या भाषेत कोणी पटवत नाही, तोवर कुपीतली लस कुपीतच राहते.

भाषेचा मुद्दा इथे कळीचा ठरतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सर्वत्र आनंद झाला आणि तो रास्तही होता. परंतु भाषेचे वैभव केवळ तिच्या प्राचीनतेत नसते. आजचे ज्ञान ती किती पेलते, यावरही ते अवलंबून असते. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम निष्ठेने करते आहे. २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेलेले डॉ. जयंत नारळीकर हे तर या बाबतीत आदर्शच होते. विश्वरचनेच्या सिद्धान्तांवर जगातील अग्रगण्य शास्त्रज्ञांशी वाद घालणाऱ्या या माणसाने मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत, ‘मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा,’ आणि उत्तरासह स्वाक्षरी धाडत. एवढा व्यासंगी माणूस जर शाळकरी पोराच्या पोस्टकार्डाला उत्तर द्यायला वेळ काढत असेल, तर ‘हे लोकांना सांगायला आम्हाला सवड नाही’ असे म्हणण्याचा अधिकार इतर कोणाला उरतो?

पूर्वी गावात महत्त्वाची वार्ता आली की कोतवाल दवंडी देत असे. ती ऐकू आली नाही असे म्हणायची सोय कोणाला नव्हती. आज माहितीचा महापूर आहे, पण दवंडी मात्र बंद पडली आहे. ती पुन्हा द्यायची तर त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहायला नको. गणेशोत्सवात चांद्रयानाचे देखावे उभारणाऱ्या मंडळांनी दहा दिवसांतली एक सायंकाळ ज्येष्ठांना सायबर चोरांपासून सावध करण्यासाठी द्यावी. मृगाच्या आधीच्या ग्रामसभेत विजेपासून बचावाची ती पाच-सहा वाक्ये वाचली जावीत, आणि आभाळ भरून आले की पंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून, मंदिराच्या घंटेने, जमेल त्या मार्गाने शिवाराला हाक जावी. बचत गटाच्या बैठकीत हिशेबानंतर पंधरा मिनिटे आशाताईंना मिळावीत. शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले आहे. चार लाख किलोमीटरवरच्या चंद्रापर्यंत त्यांनी हात पोहोचवला. घरापासून बांधापर्यंतचे उरलेले अंतर तेवढे आपल्याला कापायचे आहे, आणि येत्या पावसाळ्याच्या आत कापायचे आहे.