विश्लेषण : नवख्या पंचांवरच प्रेक्षकांचा राग का निघतो?

मैदानात सर्वात कमी अनुभव, सर्वात कमी मानधन आणि सर्वात कमी संरक्षण असलेला माणूस बहुतेक वेळा पंच असतो. तरीही सर्वाधिक बोलणी त्यालाच खावी लागतात. पहिल्या एक-दोन हंगामांतच शिट्टी खाली ठेवणाऱ्या तरुण पंचांचा प्रश्न इंग्लंड, अमेरिकेसारख्या देशांत गंभीर झाला आहे. आपल्याकडची परिस्थितीही फार वेगळी नाही. हे का घडते आणि त्यावर उपाय काय, याचा आढावा…

समस्या किती मोठी आहे?

अमेरिकेत शालेय क्रीडा स्पर्धांची शिखर संघटना असलेल्या ‘नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स’ने 2019 मध्ये पालकांना उद्देशून खुले पत्र काढले. शिट्टी हाती घेतलेल्या तरुण पंचांपैकी सुमारे 80 टक्के दोन वर्षांतच काम सोडतात आणि त्यामागे पालकांची वागणूक हे मोठे कारण आहे, असे त्यात म्हटले होते. 2018-19 ते 2021-22 या काळात सुमारे 50 हजार शालेय पंच कमी झाल्याचे याच संघटनेने पुढे सांगितले. यात करोनाचाही वाटा होता. मात्र मैदाने पुन्हा सुरू झाल्यावरही अनेक जण परतले नाहीत.

इंग्लंडमध्ये बीबीसीने 2023 मध्ये स्थानिक फुटबॉलमधील 927 पंचांची पाहणी केली. त्यापैकी 293 जणांनी प्रेक्षक, खेळाडू किंवा प्रशिक्षकांकडून शारीरिक मारहाण किंवा धक्काबुक्की झाल्याचे सांगितले. इंग्लंडमध्ये वयाच्या 14व्या वर्षापासून पंच होता येते. म्हणजे मुलांच्या सामन्यात शिट्टी वाजवणारा अनेकदा स्वतःच शाळकरी मुलगा किंवा मुलगी असते आणि रेषेपलीकडून ओरडणारा त्याच्या वडिलांच्या वयाचा असतो.

हे प्रकरण कुठवर जाऊ शकते, हे नेदरलँड्सने 2012 मध्ये पाहिले. अल्मेरे शहरातील एका कुमार सामन्यात आपला मुलगा खेळत असल्याने 41 वर्षांचे एक गृहस्थ हौसेने लाइन्समन म्हणून उभे राहिले होते. सामन्यानंतर त्यांना मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. या प्रकरणात सहा किशोरवयीन खेळाडू आणि एका खेळाडूचा पिता दोषी ठरले. डच फुटबॉल संघटनेने पुढच्या शनिवार-रविवारचे सर्व हौशी सामने रद्द केले होते.

राग नवख्यांवरच का?

पहिले कारण साधे आहे. नवखा पंच नवखा आहे हे लांबूनही कळते. शिट्टी दबकत वाजते, हात अर्धवट वर जातो, निर्णय देताना नजर आजूबाजूला फिरते. अनुभवी पंचही चुकतो, पण त्याच्या देहबोलीत डगमग नसल्याने ती चूक खपून जाते. नवख्याचा बरोबर निर्णयही ‘याला काही कळत नाही’ या शेऱ्याखाली जातो.

दुसरे कारण अंतराचे. मोठ्या स्टेडियममध्ये हुर्यो हा एक सामूहिक आवाज असतो. तो कोणा एकाचा नसतो. शाळेच्या मैदानावर प्रेक्षक आणि पंच यांच्यात जेमतेम चुन्याची रेषा असते. तिथे प्रत्येक वाक्य पंचाला स्पष्ट ऐकू येते आणि बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो. ना कुंपण, ना पोलीस, ना पंचांची वेगळी खोली. सामना संपल्यावर बसथांब्यापर्यंत जायचे तेही त्याच गर्दीतून.

तिसरे कारण म्हणजे नात्याचे. खालच्या पातळीवरचा प्रेक्षक तटस्थ नसतो. तो खेळाडूचा बाप, काका, गाववाला किंवा मंडळाचा कार्यकर्ता असतो. निवड चाचणीचा सामना असेल तर एका ‘आऊट’मध्ये त्याला मुलाचे वर्ष गेलेले दिसते.

आरडाओरड्याचा निर्णयावर परिणाम होतो का?

होतो, असे संशोधन सांगते. ब्रिटनमधील संशोधकांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 40 पात्र पंचांना एका इंग्लिश लीग सामन्यातील 47 प्रसंगांचे चित्रीकरण दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, तर काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाऊल दिले.

करोनाकाळात हाच प्रयोग आपोआप मोठ्या प्रमाणावर झाला. मे 2020 मध्ये जर्मनीतील बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली आणि पाठोपाठ इतर लीगही. त्या सामन्यांवरील अनेक अभ्यासांत पाहुण्या संघांना एरवी मिळणाऱ्या जादा पिवळ्या कार्डांचे प्रमाण घटल्याचे दिसले. वर्षानुवर्षे व्यावसायिक सामने हाताळणाऱ्या पंचांवरही गर्दीचा दबाव येत असेल, तर तिसऱ्या-चौथ्या सामन्यात उभ्या असलेल्या विशीतल्या पोराचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो. म्हणजे गर्दी ज्या चुकीबद्दल ओरडते, त्या चुकीची शक्यता तिच्या ओरडण्यामुळेच वाढते.

टीव्हीने अपेक्षा वाढवल्या का?

क्रिकेटमध्ये पंचांच्या निर्णयाचा फेरविचार मागण्याची पद्धत, म्हणजे डीआरएस, 2008 मध्ये भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत प्रथम वापरली गेली. आयपीएलमध्ये 2023 पासून वाइड आणि नो-बॉलवरही दाद मागता येते. प्रो कबड्डीतही संघांना रिव्ह्यू मिळतो. घरबसल्या प्रेक्षक तोच चेंडू चार कोनांतून, संथ गतीने पाहतो आणि सत्य इतके स्वच्छ दिसते ही सवय त्याला लागते.

मैदानातले गणित वेगळे आहे. ताशी 120 किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो. तेवढ्यात पंचाने आधी गोलंदाजाचा पुढचा पाय पाहायचा, मग नजर उचलून टप्पा, दिशा, उंची आणि बॅटची कड टिपायची. सोबतीला ना अल्ट्राएज, ना तिसरा पंच. व्यावसायिक पंचाची चूक तंत्रज्ञान दुरुस्त करते, नवख्याची चूक मात्र तशीच राहते. त्यात आता मोबाइलची भर पडली आहे. एखादा चुकीचा निर्णय सामना संपण्याआधीच व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचलेला असतो.

महाराष्ट्रात काय स्थिती?

‘पंचांमुखी परमेश्वर’ म्हणणाऱ्या राज्यात पंचाच्या वाट्याला दरवेळी देवपण येत नाही. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालावरून संतापलेला मल्ल शिवराज राक्षे याने पंचांना लाथ मारली. त्याच्यावर आणि पंचांशी वाद घातल्याबद्दल महेंद्र गायकवाड याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद नंतरही सुरू राहिला. पण चित्रवाणीवर थेट दिसणाऱ्या राज्यस्तरीय स्पर्धेत पंचाची ही गत होत असेल, तर कॅमेरा नसलेल्या तालुक्याच्या आखाड्यात काय होत असेल, हा खरा प्रश्न आहे.

गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत प्रेक्षक मैदानाला चिकटून बसतात. टेनिस चेंडूच्या स्पर्धांत अनेकदा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच कोणीतरी पंच म्हणून उभा राहतो, म्हणजे संशय पहिल्या चेंडूपासूनच. एप्रिल 2023 मध्ये ओडिशात कटकजवळ एका स्थानिक सामन्यात नो-बॉलच्या वादातून 22 वर्षांच्या तरुणाचा भोसकून खून झाला. तो पंच म्हणून उभा होता, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते.

पंच सोडून गेले तर बिघडते काय?

इथेच दुष्टचक्र सुरू होते. नवखे सोडून गेले की उरलेल्यांवर सामने वाढतात. एकाच पंचाला दिवसात दोन-तीन सामने करावे लागतात किंवा अपुऱ्या तयारीच्या पंचाला त्याच्या कुवतीपेक्षा वरच्या सामन्यात उभे केले जाते. चुका वाढतात, ओरडा वाढतो आणि आणखी काही जण सोडतात.

वरच्या पातळीचे पंचही याच तळातून येतात. बीसीसीआयने 2022 मध्ये अहमदाबादेत घेतलेल्या पंच परीक्षेला सुमारे 140 जण बसले आणि केवळ तीन उत्तीर्ण झाले. ही परीक्षा महिला व कनिष्ठ गटाच्या सामन्यांसाठी होती. चाळणी इतकी बारीक असेल, तर तळाशी माणसे भरपूर असायला हवीत. ती दुसऱ्याच हंगामात निघून गेली तर चाळायला उरणार कोण?

उपाय काय?

क्रिकेटच्या नियमांत 1 ऑक्टोबर 2017 पासून खेळाडूंच्या वर्तनावर स्वतंत्र कलम आहे. पंचाला मारण्याची धमकी देणाऱ्या खेळाडूला उर्वरित सामन्यासाठी बाहेर काढता येते. फुटबॉलमध्ये 2024च्या युरो स्पर्धेत पंचाकडे खुलासा मागण्याची मुभा फक्त कर्णधाराला होती. मात्र हे नियम खेळाडूंपुरते आहेत. रेषेबाहेरच्या प्रेक्षकाला ते लागू होत नाहीत.

म्हणून काही ठिकाणी प्रेक्षकांसाठी वेगळे प्रयोग झाले. इंग्लंडमध्ये 2023 पासून काही भागांतील स्थानिक पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहण्यात आले. जर्मनीतील मुलांच्या ‘फेअर प्ले लिगा’मध्ये पालकांना मैदानापासून ठरावीक अंतरावर थांबवले जाते, दोन्ही प्रशिक्षक एकत्र उभे राहतात आणि मुले पंचाशिवाय खेळून निर्णय आपसांत घेतात. अमेरिकेत न्यूजर्सी राज्यातील डेप्टफर्ड येथील मुलांच्या बेसबॉल लीगने दोन पंच सोडून गेल्यावर 2023 मध्ये नवा नियम केला. पंचाशी गैरवर्तन करणाऱ्या पालकाने आधी तीन सामन्यांत स्वतः पंचगिरी करायची, मगच त्याला प्रेक्षकांत प्रवेश.

कॅमेरा पुरावा देतो, पण तक्रार करण्याचे धाडस देत नाही. सोळा वर्षांच्या पंचाने गावातल्या वजनदार माणसाविरुद्ध अहवाल लिहावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे. त्यामुळे जबाबदारी आयोजकांकडे जाते. पहिल्या हंगामात नवख्यासोबत एक अनुभवी पंच देणे, प्रेक्षकांची रेषा चार पावले मागे नेणे, शिवीगाळ होताच सामना थांबवण्याचा अधिकार पंचाला आधीच जाहीरपणे देणे आणि सामन्यानंतर त्याला सुरक्षित बाहेर काढणे, यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही. स्पर्धेच्या पत्रकावर बक्षिसाची रक्कम ठळक छापली जाते. पंचाला त्रास दिल्यास संघ बाद, ही ओळही तितक्याच ठळक अक्षरात छापता येईल.