'हाय टी'चं बिल एवढं का येतं? पंचतारांकित चहा, टेमघरची कटिंग आणि सर्व्हिस चार्जचा हिशोब

तीन मजली स्टँड. खालच्या थाळीत चिमुकले सँडविच, मधल्या थाळीत स्कोन, वर केक. बाजूला चहाची किटली आणि खिडकीबाहेर समुद्र. मोठ्या हॉटेलातल्या 'हाय टी'ची अशी रील एव्हाना प्रत्येकाच्या फीडमध्ये येऊन गेली असेल. खाली कमेंट पण ठरलेली असते, 'एवढ्या पैशात आमच्याकडे वर्षभर चहा येतो.'

ही कमेंट अगदीच हवेतली नाही. मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलात हाय टीसाठी माणशी दोन हजार रुपये किंवा त्याहून जास्त लागू शकतात. तिथून पन्नासेक किलोमीटरवर, भिवंडी-कल्याण रस्त्यालगतच्या टेमघरमध्ये टपरीवरची कटिंग दहा रुपयांच्या आसपास मिळते. म्हणजे एका हाय टीच्या पैशात दोनशेच्या वर कटिंग.

पत्ती तीच, दूध तेच, साखर तीच. मग मधले पैसे नेमके कशाचे? त्यातला कर किती, हॉटेलचा किती, आणि कोणता आकडा तुम्ही सरळ नाकारू शकता? आणि 'हाय टी' हा शब्द मुळात कुणाचा?

'हाय टी' आली कुठून?

इथे पहिला गोंधळ नावाचाच आहे. आपण ज्याला हाय टी म्हणतो, ती खरं तर 'आफ्टरनून टी' आहे.

ही प्रथा इंग्लंडमध्ये साधारण १८४० च्या सुमारास सुरू झाली आणि तिचं श्रेय बेडफर्डच्या डचेस ॲना यांना दिलं जातं. तेव्हा उमरावांच्या घरी रात्रीचं जेवण उशिरा होऊ लागलं होतं. दुपारच्या किरकोळ खाण्यानंतर मधे मोठी पोकळी पडायची. म्हणून चारच्या सुमारास चहा, ब्रेड-बटर, केक. मैत्रिणींना बोलवायचं आणि गप्पा मारायच्या. पुढे हा कार्यक्रम घरातून हॉटेलात गेला.

हाय टी मात्र कामगारांची होती. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या औद्योगिक गावांत गिरणीची किंवा खाणीची पाळी संपवून माणसं संध्याकाळी घरी यायची. त्यांना केकचा तुकडा पुरणारा नव्हता. ब्रेड, चीज, मांस, पाय आणि कडक चहा असं ते पोटभर जेवणच असायचं. 'हाय' हा शब्द का आला, याचं एक प्रचलित स्पष्टीकरण असं, की उमराव चहा घ्यायचे बैठ्या टेबलाशी, कोचावर रेलून. कामगार जेवायचे उंच टेबलावर, खुर्चीत बसून.

भारतात आल्यावर दोन्ही शब्दांची सरमिसळ झाली. 'हाय' म्हणजे उच्च, म्हणजे भारी, असा अर्थ आपोआप चिकटला आणि गिरणी कामगारांच्या जेवणाचं नाव पंचतारांकित मेन्यूवर जाऊन बसलं.

भिवंडीला हा किस्सा जास्त लागू पडतो. देशातल्या सर्वात मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी हे एक, म्हणून शहराला 'मँचेस्टर' म्हणायची जुनी सवय आहे. मूळ मँचेस्टर म्हणजे हाय टी खाणाऱ्या त्याच गिरणी कामगारांचा मुलूख. तिथल्या कामगाराचा शब्द इथल्या कामगाराला मात्र परवडत नाही.

एकाच वर्षी दोन सुरुवाती

मुंबईत हाय टी म्हटलं की पहिलं नाव येतं ताजमहाल पॅलेसमधल्या 'सी लाउंज'चं. हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमधून गेटवे ऑफ इंडिया आणि समुद्र दिसतो. इथे स्कोन आणि सँडविचच्या जोडीला भेळ, चाटही मिळते. या जागेची आणखी एक ओळख म्हणजे मुलगा-मुलगी पाहण्याचे कार्यक्रम. मुंबईतल्या अनेक सुखवस्तू कुटुंबांची सोयरीक इथल्या टेबलांवर जुळल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात हॉटेलच्या जुन्या इमारतीचं मोठं नुकसान झालं. दुरुस्तीनंतर ती ऑगस्ट २०१० मध्ये पुन्हा उघडली.

याच १९०३ साली ब्रिटिश सरकारने चहावर उपकर लावणारा कायदा केला. या पैशातून चहाचा प्रचार करायचा होता. तेव्हा भारतात चहा पिकत होता, पण इथल्या लोकांना त्याची सवय नव्हती. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, कोळसा खाणी आणि कापड गिरण्यांमध्ये चहाचे स्टॉल लागले. कामगारांना चहासाठी सुट्टी द्या, असं मालकांना पटवलं गेलं. चहाच्या सुट्टीची सवय या प्रचारातून पसरली.

प्रचारकांना हवा होता तो इंग्रजी पद्धतीचा चहा. पत्ती भरपूर, दूध जरासं. विक्रेत्यांनी त्याचं उलट केलं. पत्ती महाग म्हणून कमी टाकली, दूध-साखर वाढवली, आलं-वेलची घातली आणि सगळं एकत्र उकळलं. नंतर दाणेदार सीटीसी पत्ती स्वस्तात मिळू लागली. तिचा रंग लवकर उतरतो आणि थोडक्यात जास्त चहा होतो. कटिंग उभी राहिली ती या काटकसरीवर.

थोडक्यात, कामगाराला चहा प्यायला शिकवण्याची मोहीम आणि मुंबईचं सर्वात प्रसिद्ध हॉटेल, दोन्हींची सुरुवात एकाच वर्षातली.

आता बिल उघडून पाहू

समजा, एका पंचतारांकित हॉटेलच्या मेन्यूवर हाय टीचा दर माणशी २,००० रुपये आहे. हा आकडा फक्त गणितासाठी घेतला आहे. शेजारी बारीक अक्षरात 'अधिक कर' लिहिलेलं असतं.

रेस्टॉरंटमधल्या खाण्यावर जीएसटीचे दोन मुख्य दर आहेत. रस्त्यावरच्या स्वतंत्र हॉटेलात, एसी असो वा नसो, ५ टक्के. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. तुम्ही खोली घेतलेली नसली, फक्त चहा प्यायला आला असलात, तरीही १८ टक्केच. १ एप्रिल २०२५ पासून या नियमात बदल झाला. आता फलकावर जाहीर केलेलं भाडं बघितलं जात नाही. आधीच्या आर्थिक वर्षात खोलीसाठी प्रत्यक्षात किती भाडं घेतलं, त्यावरून ठरतं.

म्हणजे २,००० रुपयांचे झाले २,३६० रुपये. तोच चहा, तेच सँडविच त्याच दरात एखाद्या स्वतंत्र कॅफेत घेतले असते तर २,१०० रुपये झाले असते. फरक २६० रुपयांचा. मात्र ५ टक्केवाल्या कॅफेला आपल्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, १८ टक्केवाल्या हॉटेलला मिळते. त्यामुळे कॅफेच्या मेन्यूतल्या दरात थोडा कर आधीच मुरलेला असतो.

टपरीचं काय? सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागत नाही. दहा रुपयांच्या हिशोबाने ही मर्यादा गाठायला रोज साधारण साडेपाचशे ग्लास चहा विकावा लागेल, तोही एक दिवस सुट्टी न घेता. त्यामुळे छोट्या टपरीवर कटिंगचे दहा म्हणजे दहाच.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. बिलातली हीच एक ओळ आहे, जी ग्राहक नाकारू शकतो.

अनेक मोठी रेस्टॉरंट बिलात १० टक्के किंवा तसाच काही सर्व्हिस चार्ज लावत आली आहेत. नाव सरकारी वाटतं, म्हणून बरेच जण तो कर समजून भरतात. हा कर नाही. हे पैसे रेस्टॉरंटकडे जातात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार रेस्टॉरंटला बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावता येत नाही. दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही. दिला नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही. आणि तो खाण्याच्या रकमेत मिळवून एकूण रकमेवर जीएसटीही लावता येत नाही.

रेस्टॉरंट आणि हॉटेल मालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी १ लाख रुपयांचा दंड केला. सक्तीचा सर्व्हिस चार्ज ग्राहकहिताच्या विरोधात आहे, मात्र ग्राहकाने खुशीने टीप द्यायला काहीच हरकत नाही, असं त्या निकालाचं सार.

संघटनांनी यावर अपील केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुनावणीदरम्यान खंडपीठाने एक साधा प्रश्न विचारला. २० रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचे तुम्ही १०० रुपये घेता, ते तिथल्या वातावरणाचेच ना? मग वेगळा सर्व्हिस चार्ज कशासाठी?

या प्रश्नामागे आणखी एक निकाल आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि रेस्टॉरंटना बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त दरात विकायची मुभा दिली होती. कारण, तिथे ग्राहक नुसती बाटली विकत घेत नाही, तिथलं वातावरण आणि सेवाही घेतो. म्हणजे वाढीव दरात सेवेचे पैसे आधीच आले. तेच पुन्हा वेगळ्या ओळीत का मागायचे, हा या वादाचा गाभा आहे.

आपल्या उदाहरणात १० टक्के सर्व्हिस चार्ज जोडून त्यावरही जीएसटी लावला, तर बिल २,५९६ रुपयांचं होतं. म्हणजे माणशी २३६ रुपये जास्त. चौघं गेले तर ९४४ रुपये.

मग हॉटेल नेमकं विकतं काय?

उत्तर सोपं आहे, खुर्ची. आणि त्या खुर्चीत दोन तास कुणी उठवणार नाही याची हमी.

चहा, ब्रेड, मैदा, लोणी यांचा खर्च बिलाच्या मानाने कमी असतो. महाग असते ती जागा. समुद्रासमोरचं टेबल दोन तास एकाच ग्राहकाला दिलं, की तेवढा वेळ ते दुसऱ्याला देता येत नाही. टपरीचं गणित याच्या बरोबर उलटं. तिथे जागाच नसते, म्हणून ग्राहक पाच मिनिटांत निघायला हवा. कटिंग स्वस्त आहे, कारण ती उभ्याने प्यायची आहे.

या दोन टोकांच्या मधली जागा मुंबईत एकेकाळी इराणी हॉटेलांनी भरून काढली होती. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, ब्रुन मस्का आणि चहा. अनेक ठिकाणी 'फॅमिली रूम' असायची, जिथे बायका निवांत बसू शकत. ही हॉटेलं आता मोजकी उरली आहेत.

टेमघरला बसायला जागा कुठे आहे?

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत बारा तासांच्या पाळ्या चालतात. कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले. अनेकांची मजुरी किती कापड विणलं त्यावर ठरते, म्हणजे माग सोडून बाहेर गेलेला वेळ खिशातून जातो. आत मागांचा खडखडाट एवढा, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. नीट बोलणं होतं ते टपरीवर, ग्लास रिकामा होईपर्यंत.

बायकांना तर तेवढंही मिळत नाही. 'व्हाय लॉइटर?' या २०११ च्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईबद्दल हाच मुद्दा मांडला होता. पुरुष कोपऱ्यावर नुसता उभा राहू शकतो, बाईला मात्र तिथे असण्याचं कारण दाखवावं लागतं. टेमघरच्या नाक्यावर चार मैत्रिणींनी तासभर चहा पीत उभं राहणं किती जणांच्या नजरेत येईल, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. म्हणून वाढदिवसाला, पहिल्या पगाराला पैसे साठवून हाय टीला जाणाऱ्या मुलींना 'दिखावा' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्या बसायची जागा विकत घेत असतात, कारण घराजवळ ती फुकटात किंवा स्वस्तात मिळत नाही.

गंमत म्हणजे शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरणाचं, म्हणजे 'स्टेम'चं शुद्धीकरण केंद्र टेमघरलाच आहे. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला या यंत्रणेचं पाणी जातं. तिथल्या कित्येक चकचकीत कॅफेंच्या चहाचं पाणी टेमघरहून येतं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या नकाशावर टेमघर स्थानकही आहे. मेट्रो आली की आसपास कॅफे येतील, भाडी वाढतील. तेव्हा पन्नास-साठ रुपयांत तासभर बसता येईल अशी जागाही येईल, की नुसती टपरी आणि महाग कॅफे एवढेच पर्याय राहतील, हे स्थानकाभोवती बाकं, बाग, वाचनालय यांना किती जागा सोडली जाते त्यावर ठरेल.

हाय टीला जाणार असाल तर

- दर 'करासहित' आहे की 'अधिक कर', हे टेबल बुक करतानाच विचारा. १८ टक्के धरूनच बजेट करा.
- बिल आलं की सर्व्हिस चार्जची ओळ शोधा. द्यायचा नसेल तर ती काढायला सांगा. कारण द्यायची गरज नाही.
- काढत नसतील तर बिलाचा फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन जाता येतं.
- वाढणाऱ्या माणसाचं काम आवडलं, तर टीप थेट त्याच्या हातात द्या.

आणि एकदा पैसे दिलेत की घाई करू नका. चहा अर्ध्या तासात संपेल, पण बिलातला मोठा हिस्सा ज्याचा आहे ती खुर्ची अजून तुमचीच आहे.