भाऊबीजेचं अर्धं तिकीट

एसटीच्या प्रवाशांकडून एसटीच्या प्रवाशांना



हे पत्रक कुठल्या कामगार संघटनेचं नाही. आम्ही तुमच्यासारखेच फलाटावर ताटकळणारे, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे लोक आहोत. २०१७ साली ऐन लक्ष्मीपूजनाला एसटीचा संप होता, तेव्हा चालक-वाहकांना यथेच्छ शिव्या घालणाऱ्यांत आम्हीही होतो. त्या शिव्यांचा हिशेब आज करायचा आहे.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. भाऊबीजेच्या सकाळची गाडी आठवा. मांडीवर फराळाचा डबा, पिशवीत ओवाळणीचं ताट, कडेवर पेंगणारं पोर. सगळ्या बहिणीच. त्यांच्यात एक बहीण उभी असते, खाकी गणवेशात, हातात तिकिटाचं मशीन घेऊन. चाळीस जणींना ती त्यांच्या भावांच्या दारात उतरवते. तिचा भाऊ कुठे असतो, हे आपण कधी विचारलेलं नाही. कोण जाणे, तोही दुसऱ्या एखाद्या आगारात स्टिअरिंगवर असेल. मुक्कामी गाडी घेऊन गेलेल्या चालकाची लक्ष्मीपूजनाची रात्र तर परक्या गावातल्या पारावर उभ्या केलेल्या गाडीत जाते.

आता बाकीच्यांचं पाहू. राज्य सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं, त्यात चोवीसच्या आसपास दिवस असतात. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानातल्या नोकरालाही २०१७ च्या कायद्याने वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या दिल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आपसात ठरवलेले चार सण. कारकुनाला सण राजपत्राने मिळतो, कापडदुकानातल्या माणसाला कायद्याने. चालकाचा सण कामगिरीच्या तक्त्यावर ठरतो.

रस्त्यावरच्या कामगारासाठी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. गाड्या खोळंबू नयेत म्हणून साप्ताहिक सुट्टीलाही कामावर बोलावता येईल, पण मध्ये पूर्ण दिवस सुट्टी दिल्याशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त राबवता येणार नाही, असं त्याने सांगितलं. बुडालेल्या सुट्टीच्या बदल्यात नंतर दुसरा दिवस द्यायलाही सांगितलं. चांगलं आहे. पण कायदा दिवस मोजतो, तिथी मोजत नाही. भाऊबीजेच्या बदल्यात मार्गशीर्षातला कुठलासा मंगळवार मिळाला, तर हजेरीपत्रकात हिशेब चुकता झाला. माणसाने त्या मंगळवारी कुणाला ओवाळायचं? पोरं शाळेत, बायको कामावर आणि आकाशकंदील माळ्यावर. बदली सुट्टी म्हणजे झोप काढायचा दिवस. त्याला सण म्हणता येत नाही.

एसटी महामंडळाला हे कळत नाही, असं म्हणायची सोय नाही. सणाच्या दिवसाची किंमत त्याला पक्की ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळीच्या गर्दीसाठी तिकीट दहा टक्क्यांनी वाढलं होतं. पुढच्या वर्षी तशी वाढ जाहीर झाली आणि मागे घेतली गेली, ती गोष्ट वेगळी. जी सीट एरवी शंभराला, ती त्या दिवाळीत एकशे दहाला! म्हणजे रेक्झिनच्या सीटला सण कळतो. पुढे बसून ती सीट गावाला नेणाऱ्याला मात्र दिवाळी भेट जाहीर होते, दिवाळी जाहीर होत नाही.

आणि सण म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फक्त दिवाळी येते, ही आपलीच खोड. गणपतीला मुंबई-ठाण्याहून कोकणात हजारो जादा गाड्या सुटतात आणि त्यांसाठी दूरदूरच्या आगारांतून गाड्या नि माणसं मागवली जातात. संगमेश्वरचा चालक चाकरमान्यांना संगमेश्वरात सोडून परत फिरतो, स्वतःच्या घरच्या मखराला लांबून हात जोडतो. आषाढीला पंढरपूरची गाडी चालवणारा वारकरी असू शकतो. १४ एप्रिलला किंवा ६ डिसेंबरला गर्दी पोचवणाऱ्या वाहकाच्या घरीही बाबासाहेबांचा फोटो असतो. वसईकडच्या कुणाला नाताळ हवा असतो. ईदचं तर चंद्रदर्शनावर ठरतं; तक्ता आधी लागतो आणि चंद्र नंतर दिसतो. समान सुट्टी म्हणजे सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी नव्हे. ज्याचा जो सण, त्याला त्या सणावर सारखाच हक्क.

म्हणून वेतनकराराच्या बोलणीत मूळ वेतन, महागाई भत्ता आणि थकबाकी यांच्या शेजारी सुट्टीचं कलम बसलंच पाहिजे. प्रत्येक कामगाराने जानेवारीतच आपले चार सण लिहून द्यावेत आणि त्यांतले किमान दोन त्याला मिळालेच पाहिजेत. यंदा लक्ष्मीपूजनाला जो राबला, तो पुढच्या वर्षी घरी. ही पाळी आगारात फलकावर लावावी, कुणाच्या मर्जीवर सोडू नये. ईदसारख्या सणाला आदल्या रात्री कामगिरी बदलून घ्यायची मुभा असावी. निवडलेला सण नाकारलाच, तर त्या दिवसाचा दुप्पट पगार आणि वर एक सुट्टी, तारखेसह. या दोहोंतलं एक नव्हे, दोन्ही! नाकारणं महाग पडलं की नाकारण्याआधी विचार होतो. आणि भाड्याच्या गाड्यांवर कंपनीचे किंवा कंत्राटी चालक असतात, त्यांनाही हेच कलम शब्दशः लागू व्हावं. त्यांना वगळलं, तर कायम चालकाची दिवाळी कंत्राटी चालकाच्या जिवावर साजरी होईल. असली समानता आम्हाला नको.

"मग सणाला गाड्या बंद ठेवायच्या का?" असं विचारणारे भेटतीलच. नाही. भाऊबीजेला गाडी हवीच, आम्हालाच हवी आहे. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर स्टँडवर किती माणसं असतात, ते एकदा जाऊन बघा. मुंबईच्या लोकल सार्वजनिक सुट्टीला रविवारच्या वेळापत्रकाने धावतात, त्याने मुंबई बुडालेली नाही. एसटीलाही सणाचं वेगळं वेळापत्रक आखता येईल. तेवढ्यासाठी तासभर थांबावं लागलं तर आम्ही थांबू, आणि आमच्या नावाने कुणी गळा काढू नये.

दुसरा आक्षेप तोट्याचा. महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे, हे खरं. गणपतीच्या जादा गाड्या येताना रिकाम्या येतात, हेही खरं. पण हा तोटा वाहकाने भाऊबीज बुडवून भरून काढायचा, असं कुठल्या ताळेबंदात लिहिलं आहे?

"पोलीस आणि नर्सही सणाला कामावर असतात" हा तिसरा. असतात, आणि त्यांच्यासाठीही असंच पत्रक निघालं पाहिजे. कुणी काढलं तर वाटायला आम्ही येऊ.

आता शेवटचं, आणि जरा कडू. २०१७ चा संप दिवाळीत झाला. २०२१ चा लांबलेला संप दिवाळीच्या तोंडावर पेटला. सप्टेंबर २०२४ चा संप गणपतीच्या चार दिवस आधी पुकारला, आणि दुसऱ्याच दिवशी मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ कबूल होऊन मिटला. आपण म्हणतो, सणातच कसे अडवतात हे लोक! अहो, एरवी त्यांच्याकडे बघतो कोण? ज्या दिवशी त्यांनी हजर राहिलंच पाहिजे असं आपल्याला वाटतं, त्याच दिवशी त्यांच्या गैरहजेरीला वजन येतं. हा धडा त्यांना आपणच दिला आहे. करारात सणाची सुट्टी लिहिली गेली, म्हणून पुढचा संप टळेलच अशी खात्री आम्ही देत नाही. पण स्वतःच्या घरी दिवा लावून आलेला माणूस निदान बोलणीला वेगळ्या मनाने बसेल.

चौकशीच्या खिडकीजवळ सह्यांचा कागद ठेवला आहे. सहीपुढे आपल्या नेहमीच्या गाडीचा मार्ग लिहा. फोन नंबर नको. आणि हे पत्रक वाचून झालं की सीटखाली टाकू नका. गाडी झाडणाऱ्यालाही आज ड्युटीच आहे.