पाटोद्यातलं विज्ञानवेडं डोहाळजेवण

मैत्रीण विज्ञानवेडी असेल, तर तिचं डोहाळजेवण तिच्या आवडीचं का असू नये? पाटोद्यातही ते सहज जमतं. झोपाळ्यामागे चंद्रकोर आपण लावतोच. तिच्याशेजारी पुठ्ठ्यावर चंदेरी कागद चिकटवून २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलेलं विक्रम लँडर करा. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी तशीच राहू द्या. भेट म्हणून जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ द्या. बाळ मोठं होईपर्यंत आई वाचेल.

एक खेळ मात्र वगळाच: मुलगा की मुलगी हे ‘सांगणारी’ झाकलेल्या वाट्यांतली पेढा-बर्फी. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. अशा जिल्ह्यात हा खेळ मला गमतीचा वाटत नाही. शिवाय बाळाचं लिंग ठरतं ते वडिलांकडून आलेल्या एक्स किंवा वाय गुणसूत्राने, गर्भधारणेच्या वेळीच. पोटाच्या आकारावरून नाही आणि डोहाळ्यांवरूनही नाही.

त्या वाट्यांत विज्ञानाची कोडी ठेवा. मुलगा की मुलगी हे कुणाच्या गुणसूत्रावर ठरतं, हे पहिलं कोडं. उत्तराची चिठ्ठी जमलेल्या सगळ्या सासवा-सुनांसमोर मोठ्याने वाचा.