मनगटावरील अनुमान

हल्लीं सुशिक्षित घरांतील तरुण मंडळींच्या मनगटावर जें घड्याळ दिसतें, तें केवळ वेळ सांगून थांबत नाहीं. धांवणाऱ्यानें किती अंतर तोडलें, कोणत्या गतीनें तोडलें, हेंही तें सांगतें. आणि तें दशांशचिन्हापुढील दोन अंकांसह! हे दोन अंकच पुष्कळ गैरसमजाचें मूळ आहेत. एकाच वाटेनें बरोबर धांवून आलेल्या दोघां भावांपैकीं एकाचें घड्याळ ५.०२ किलोमीटर म्हणतें, दुसऱ्याचें ५.१४, आणि न्याहारीच्या पाटावर वाद माजतो. मॅरेथॉन शर्यतीच्या शेवटीं घड्याळानें ४२.६ दाखविलें, कीं धांवणारा आयोजकांस बोल लावतो. अशा वेळीं विश्वास कोणावर ठेवावा, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाच्या साधनांत प्रत्यक्ष आणि अनुमान असा भेद केला आहे. पोलादी फीत जमिनीवर टाकून अंतर मोजणें हें प्रत्यक्ष. डोंगरावर धूर पाहून तेथें अग्नि आहे असें ठरविणें हें अनुमान. मनगटावरील घड्याळ जमीन मोजीत नाहीं; तें अनुमान करितें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जी. पी. एस. उपग्रह पृथ्वीभोंवतीं फिरत असतात. प्रत्येकाजवळ अत्यंत सूक्ष्म असें आण्विक घड्याळ असतें. 'मी अमुक ठिकाणीं आहें, आतां अमुक वेळ झाली' असा संदेश तो सतत पाठवितो. तो पोंचण्यास किती काळ लागला यावरून त्या उपग्रहाचें अंतर, आणि निदान चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपलें स्थान, असें हें गणित आहे. या लहरी प्रकाशाच्या वेगानें येतात. म्हणून कालगणनेंत सेकंदाच्या एक कोट्यंशाची चूक झाली, तर अंतरांत ३० मीटरांची चूक होते.

ही व्यवस्था १९९५ सालीं पूर्णत्वास गेली. लष्कराबाहेरील लोकांस मिळणाऱ्या लहरींत अमेरिकन सरकार त्या काळीं बुद्ध्याच दोष मिसळीत असे. त्यामुळें स्थान शंभर मीटरपर्यंत चुके. मे २००० च्या आरंभीं तो दोष काढून टाकण्यांत आला, आणि २००३ सालीं गार्मिन कंपनीचें 'फोररनर' हें धांवणाऱ्यांसाठीं केलेलें मनगटी यंत्र बाजारांत आलें. आज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदौ आणि आपल्या इस्रोची नाविक अशा इतर व्यवस्थाही आहेत. आकाश मोकळें असेल, तर चांगल्या घड्याळाची चूक आतां थोड्याच मीटरांची असते.

परंतु आकाश मोकळें नसलें म्हणजे? धुकें पाहून तोच धूर समजणाऱ्याचें अनुमान फसतें, हें तर्कशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षीं शिकतो. उंच इमारतींमध्यें घड्याळाची हीच गत होते. लहर सरळ न येतां भिंतीवर आपटून येते. तिला उशीर होतो. आणि घड्याळ समजतें कीं उपग्रहच दूर आहे. शिकागो येथील मॅरेथॉन याविषयीं प्रसिद्ध आहे. ग्रँट पार्कमधून निघालेले धांवणारे थोड्याच वेळांत रस्त्याखालच्या रस्त्यानें आणि गगनचुंबी इमारतींच्या दाटींतून जातात. तेथें पुष्कळांच्या घड्याळांतील रेषा नदींत उतरते, घरांच्या भिंती भेदून जाते! मुंबईच्या जानेवारींतील शर्यतींतही सागरी सेतूवरील मोकळें आकाश आणि पेडर रोडवरील इमारतींच्या रांगा घड्याळाच्या दृष्टीनें सारख्या नव्हेत. दोन निरनिराळ्या कंपनांच्या लहरी ऐकणारीं नवीं घड्याळें हा दोष कमी करितात. तो समूळ जात नाहीं.

याशिवाय बेरजेचा दोष आहे. घड्याळ क्षणोक्षणीं एक बिंदु टिपतें आणि बिंदु जोडून लांबी काढतें. सरळ रस्त्यावर बिंदु कांहीं डावीकडे, कांहीं उजवीकडे पडले, तर रेषा नागमोडी होते आणि अंतर वाढतें. उलट, बॅटरी वांचविण्यासाठीं बिंदु विरळ टिपले, तर वळणांचे कोपरे कापले जाऊन अंतर कमी भरतें.

आतां शर्यतीचा मार्ग कसा मोजतात तें पाहा. ४२.१९५ किलोमीटर हें अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधलें असून तें १९२१ सालीं कायम ठरलें. मार्ग मोजणारा अधिकारी सायकलच्या चाकावर फेरे मोजणारें यंत्र बसवितो, पोलादी फितीनें मोजलेल्या अंतरावर तें पडताळून घेतो, आणि मग शक्य तितक्या जवळच्या रेषेनें सारा मार्ग फिरतो. शिवाय मार्ग आंखूड पडूं नये म्हणून किलोमीटरमागें एक मीटर अधिक धरतात. धांवणारा मात्र त्या रेषेनें धांवत नाहीं. तो गर्दी चुकवितो, पाण्याच्या मेजाकडे वळतो, वळण बाहेरून घेतो. म्हणजे ४२.६ पैकीं कांहीं वाढ त्याच्या पायांची आणि कांहीं घड्याळाची. आयोजकांची बहुधा नसतेच.

यांत नुकसान तें काय, असें कोणी विचारील. चार तासांत शर्यत पुरी करण्याचा ज्याचा निश्चय आहे, त्यास किलोमीटरला ५ मिनिटें ४१ सेकंद मिळतात. ही गति त्यानें घड्याळावरून अचूक राखली आणि शेवटीं घड्याळ ४२.६ वर थांबलें, तर चार तासांवर दोन मिनिटें उलटून गेलेलीं असतात. वर्षभर पहाटे उठून केलेलें तप दोन मिनिटांनीं हुकतें, आणि तो बिचारा दोष देतो स्वतःच्या पायांना!

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच. ज्या मार्गाची मोजणी अधिकृत आहे, तेथें रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाट्या प्रमाण मानाव्या आणि प्रत्येक पाटीपाशीं घड्याळाची कळ दाबून वेळ पाहावी. निघण्यापूर्वीं मिनिटभर मोकळ्या आकाशाखालीं स्वस्थ उभें राहावें. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर तीस सेकंदांनीं पुन्हा सांगतो, ती घड्याळास नीट ऐकूं द्यावी. तुलना करावी ती आपल्याच मागील महिन्याशीं, त्याच वाटेवर आणि त्याच घड्याळानें. भावाच्या घड्याळाशीं नव्हे. आणि ज्या वडील मंडळींस वैद्यांनीं अर्धा तास चालण्यास सांगितलें आहे, त्यांनीं किलोमीटरांची चिंताच करूं नये. अर्धा तास पुरा झाला कीं नाहीं, हें तें घड्याळ निर्विवाद सांगतें. कारण वेळ मोजणें हें त्याचें मूळचें काम आहे.

घड्याळ टाकून द्यावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. अनुमान हेंही प्रमाणच आहे. मात्र तें कशावरून काढलें हें ठाऊक असलेला मनुष्य त्याच्यामुळें घरांत भांडत नाहीं, आणि स्वतःवर रुसतही नाहीं.