साप्ताहिक सुट्टी

व्यापारी कुटुंबात सुट्टी हा शब्द बहुधा पाटीवरच शोभतो. दुकानाच्या दाराशी 'साप्ताहिक सुट्टी' असे रंगवलेले असते. परंतु त्या दिवशीही शटर अर्धे वर असते, उधारीच्या वह्या चाळल्या जात असतात आणि एखादे जुने गिऱ्हाईक 'शेठजी, आहात का?' असे म्हणत वाकून आत शिरते. दुकान बंद असले तरी दुकानदार बंद नसतो.

कुरुंदवाडच्या बाजारपेठेतील एका कापड व्यापाऱ्याचे असेच झाले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचा महापूर गावात शिरला. सणासुदीसाठी भरलेला माल गाळात गेला. बँकेतून मुदत कर्ज काढून त्यांनी पुन्हा दुकान उभे केले आणि त्या दिवसापासून एकही दिवस विश्रांती घेतली नाही. हप्ते फिटत गेले, पण रक्तदाब चढत गेला. अखेरचा हप्ता भरला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितले, "शेठजी, आता थोडे शरीराचेही कर्ज फेडा. रोज चाला, नाहीतर सायकल चालवा."

सायकलीचा विषय पत्नीने उचलून धरला. शाळेत असताना त्या रोज सायकलवरूनच जात. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाची गिअरची सायकल माळ्यावर धूळ खात होती. ती खाली काढली. त्यांची स्वतःची जुनी सायकल दुरुस्तीला दिली. नव्या ट्यूब, नवे ब्रेकचे रबर, सीटची उंची बेतशीर. महिनाभर दोघांनी पहाटे घाटापर्यंत फेऱ्या मारल्या आणि फेब्रुवारीतील एका सुट्टीच्या दिवशी पत्नी म्हणाल्या, "आज खिद्रापूरला जाऊ. जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर होतील. संध्याकाळच्या जेवणाला घरी."

उकळून गार केलेले पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा एवढी शिदोरी घेऊन दोघे उजाडताच निघाले. कृष्णाकाठचा हा मुलूख सपाट, काळ्या मातीचा. दोन्ही बाजूंना ऊस. कुठे तोडणी चाललेली, कुठे मोळ्यांनी भरलेली ट्रॉली कारखान्याकडे डुलत निघालेली. तसे वाहन दिसले की पत्नी आधीच सायकल कडेला घेत. शेठजी मात्र पहिल्या तासभरात जोरात पुढे गेले आणि अकिवाटच्या अलीकडेच धापा टाकू लागले. "दुकान उघडायची घाई नाही आज," पत्नी शांतपणे म्हणाल्या. "हलक्या गिअरवर घ्या. पाय फिरते राहिले पाहिजेत, दमले नाही पाहिजेत."

पुढे सैनिक टाकळी जवळ आली असता शेठजींच्या सायकलीची चेन उतरली. बाजारात थानाच्या पोतावरून गिरणी ओळखणारा माणूस त्या साखळीपुढे हतबल उभा राहिला. पत्नीने बांधावरची एक काडी घेतली, चेन खालच्या दात्यांवर अडकवली, पायडल उलटे फिरवले आणि हात मातीला पुसले. शेठजींनी काही बोलायचे म्हणून विचारले, "हे तुला कधीपासून येते?" त्या हसल्या. "शाळेला जाताना रोजच पडायची. तुम्ही कधी विचारले नाही."

खिद्रापूरला पोहोचल्यावर आधी आदिनाथांच्या प्राचीन मंदिरात दर्शन झाले, मग दोघे कोपेश्वर मंदिरात गेले. शिलाहारांच्या काळातील हे बाराव्या शतकातील शिल्पवैभव. त्याचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा असून छत मध्यभागी वर्तुळाकार उघडे आहे. त्या वर्तुळातून येणारे ऊन खालच्या दगडी चकतीवर पडले होते. शेठजी बराच वेळ वर पाहत राहिले. मग, कोणी विचारले नसताना, म्हणाले, "शुक्रवारी दुकानाची इसारपावती करायची आहे. गिऱ्हाईक चांगले आहे. झाल्यावर तुला सांगणार होतो."

पत्नी लगेच काही बोलल्या नाहीत. मंदिराबाहेर नदीकाठी झाडाच्या सावलीत शिदोरी सोडली. समोर संथ कृष्णा, पलीकडचा काठ कर्नाटकाचा. पहिली दशमी त्यांच्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "दलालाचे दोन फोन मीच घेतले होते. मला पंधरा दिवस ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होते. कर्ज काढताना बँकेत तुमच्या सहीखाली माझी सही लागली होती. माझ्या पाटल्या गहाण पडल्या, त्याही मीच काढून दिल्या. उधारीची वही पाच वर्षे मी लिहिते आहे. मग विकताना मला नुसते कळवायचे?"

त्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच शेठजींना उत्तर सापडेना. पाण्याकडे पाहत ते म्हणाले, "मला व्यापाराचा कंटाळा नाही. मला पावसाची भीती वाटते. २०२१ लाही पाणी आले, तेव्हापासून जुलै लागला की झोप लागत नाही. हे तुला सांगणे कमीपणाचे वाटले."

"रात्री उठून तुम्ही दाराशी जाऊन उभे राहता, ते मला दिसत नाही का?" त्या म्हणाल्या. "दुकान विकू नका असे मी म्हणत नाही. उंचावर लहान गाळा घेता येईल, किंवा सगळेच आवरून मुलाकडे जाता येईल. पण हे आपण बसून ठरवू. भीती तुम्ही एकट्याने ठेवली आणि निर्णयही एकट्याने घेतला, एवढेच मला लागले."

परतताना वारा समोरून होता. सायकलस्वारांत अशा वेळी एक साधी रीत असते: एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने त्याच्या मागे थोडे अंतर राखून चालवायचे आणि पुढचा दमला की जागा बदलायची. मागच्याचे श्रम त्यामुळे बरेच कमी होतात. आधी पत्नी पुढे राहिल्या. काही वेळाने शेठजींनी हाक मारली, "अगं, आता मी येतो पुढे." गावापर्यंत अशी जागा चार-पाच वेळा बदलली. कोणी मोजली नाही. सूर्य मावळायला अर्धा तास असताना दोघे घरी पोहोचले आणि वेळेत पानावर बसले.

शुक्रवारी इसारपावती झाली नाही. मुलाला बोलावून घेतले, दुकानाची किंमत, उरलेली देणी, उधारीची येणी आणि दोघांच्या औषधपाण्याचा खर्च एका कागदावर मांडला गेला. दुकान विकायचे की हलवायचे, हे दिवाळीनंतर ठरेल. मात्र पावसाळ्यापूर्वी माल वरच्या मजल्यावर न्यायचे त्याच बैठकीत ठरले. व्यापारी घरांत कर्जाच्या कागदावर घरातील स्त्रीची सही आवर्जून घेतली जाते. त्याच कागदामागची काळजी मात्र तिला सांगायची राहून जाते. जोखीम दोघांची असेल तर तिची माहितीही दोघांना असणे हा व्यवहाराचाच नियम आहे. त्याला केवळ जिव्हाळा म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

पुढच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी एक जुने गिऱ्हाईक सवयीने वाकून आत शिरायला गेले आणि थांबले. शटर पूर्ण खाली होते, त्याला कुलूप होते. शेजारच्या भांडीवाल्याने गल्ल्यावरूनच सांगितले, "उद्या या. शेठजी आणि वहिनी सायकलवर गेलेत."